आधी जागेवर काय आहे ते: मुंबईचा विकास आराखडा २०३४ आणि विद्यमान भूवापर नकाशा

२१ एप्रिल २०१५ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा रद्द करून नव्याने करायला सांगितले. मसुदा फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला होता, म्हणजे त्याला धड दोन महिनेच झाले होते. २३ एप्रिलला महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ च्या कलम १५४ खाली लेखी आदेश निघाला: चार महिन्यांत दुरुस्त मसुदा द्या. तो मसुदा प्रत्यक्षात प्रसिद्ध झाला २७ मे २०१६ रोजी, तेरा महिन्यांनी.

या प्रकरणातल्या दोन गोष्टी लोकांच्या लक्षात राहिल्या: स्थानकांजवळ ८ पर्यंत जाणारा चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण) आणि आरेची जमीन. दोन्ही धोरणाचे वाद होते आणि धोरणावर दोन बाजू असू शकतात. मसुदा ज्याने आडवा झाला ती गोष्ट वेगळी आणि बरीच साधी होती. उभ्या इमारतींवरून प्रस्तावित रस्ते गेले होते. वारसा वास्तू नकाशावर वारसा म्हणून दिसत नव्हत्या. प्रार्थनास्थळे भलत्याच वापराच्या रंगात होती. आपल्या घरावर रस्त्याची रेषा पाहिलेल्या माणसाशी एफएसआयची चर्चा कशी करणार? नकाशावरचा विश्वास उडाला आणि त्याबरोबर धोरणाची चर्चाही बुडाली.

हे प्रकरण त्या साध्या गोष्टीचे आहे. आराखड्याच्या तळाशी एक नकाशा असतो, विद्यमान भूवापराचा. कामकाजात त्याला ‘ईएलयू’ म्हणतात. शहरात आज, या घटकेला, कुठे काय उभे आहे एवढेच त्याने सांगायचे असते. तो चुकला की वरचे सगळे चुकते, आणि अशा जागी चुकते जिथे ती चूक कायद्याची रेषा होऊन बसते.

कायद्यात या नकाशाची जागा

अधिनियमाचा क्रम ठरलेला आहे. कलम २३ खाली आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो. कलम २५ सांगते की इरादा जाहीर झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत नियोजन प्राधिकरणाने आपल्या हद्दीतल्या जमिनींचे सर्वेक्षण करून विद्यमान भूवापर नकाशा तयार करावा. मग कलम २६ खाली प्रारूप आराखडा, कलम २८ खाली हरकती-सूचना आणि नियोजन समितीची सुनावणी, कलम ३० खाली शासनाकडे सादर, कलम ३१ खाली मंजुरी. कलम ३८ प्रमाणे किमान वीस वर्षांतून एकदा हे सगळे पुन्हा करायचे.

लक्ष द्यावे अशी जागा २५ आणि २६ यांच्या मधली आहे. ईएलयू वरून तीन हिशेब निघतात. एक, शाळा, दवाखाने, मैदाने, बाजार, स्मशाने आज किती आणि लोकसंख्येच्या मानाने तूट किती. दोन, ती तूट भरायला मोकळी जमीन कुठे. तीन, आजचे रस्ते किती रुंद आणि कुठे रुंदी वाढवता येईल. हे तीन हिशेब झाले की आरक्षणे पडतात, म्हणजे अमुक भूखंड शाळेसाठी, अमुक मैदानासाठी असे राखले जातात. आरक्षण एकदा मंजूर आराखड्यात आले की त्या भूखंडावर मालकाला दुसरे काही बांधता येत नाही. संपादनासाठी कलम १२७ खाली नोटीस द्यायची तर त्याला आधी दहा वर्षे थांबावे लागते. सर्वेक्षकाने टॅबवर चुकून दाबलेल्या ‘मोकळी जागा’ या एका पर्यायाची किंमत एखादे कुटुंब दशकभर मोजू शकते.

मुंबईत हे काम छोटे नव्हते. बृहन्मुंबईचे क्षेत्र ४५८.२८ चौरस किलोमीटर. त्यातले ४३.२३ चौरस किलोमीटर वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या विशेष नियोजन प्राधिकरणांकडे, उरलेले ४१५.०५ महापालिकेच्या नियोजनात. चोवीस प्रशासकीय विभाग. २०११ च्या जनगणनेप्रमाणे १ कोटी २४ लाख माणसे. ईएलयू लोकांपुढे आला तो २०१२ च्या अखेरीस. अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट, ‘हमारा शहर विकास नियोजन अभियान’ यांसारख्या गटांनी आणि वस्त्यांतल्या लोकांनी त्यातल्या चुका दाखवायला सुरुवात केली. काही दुरुस्त झाल्या, बऱ्याच राहिल्या, आणि राहिलेल्या चुकांवर २०१५ चा प्रारूप आराखडा उभा राहिला.

चूक शिरते कुठून

सर्वेक्षकांना आळशी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याने काही कळत नाही. बहुतेक चुका जागेवर माणूस पोचण्याच्या आधीच तयार झालेल्या असतात.

पहिली अडचण भूखंडाच्या ओळखीची. मुंबई शहरात सी. एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) क्रमांक, उपनगरांत सी. टी. एस. (सिटी सर्व्हे) क्रमांक. ज्या भागात नगर रचना योजना झाल्या, तिथे त्याच जमिनीला अंतिम भूखंड क्रमांकही असतो. जुन्या मिळकत पत्रिकांवर तर एकोणिसाव्या शतकातल्या लॉटनच्या सर्वेक्षणाचा क्रमांक अजून छापलेला असतो. मालमत्ता कराचे खाते या सगळ्यापेक्षा निराळे: एका सी. टी. एस. क्रमांकावर चाळीस करखाती असू शकतात आणि एक सोसायटी तीन सी. टी. एस. क्रमांकांवर पसरलेली असू शकते. म्हणून ‘कराच्या यादीतला वापर भूखंडाला जोडला’ हे वाक्य अहवालात एका ओळीत येते, पण ती जोडणी एकास एक नसतेच. ती अनेकांस अनेक असते. मधला जोडतक्ता हाताने तपासला नाही तर दवाखान्याचे करखाते शेजारच्या भूखंडावर जाऊन बसते आणि संगणक कसलीही तक्रार करत नाही.

दुसरी अडचण कागदाची. नगर भूमापनाचे शीट १:५०० प्रमाणाचे. त्यावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ सेंटिमीटर होते. तेच आराखड्याच्या १:४००० नकाशावर घेतले की अर्धा मिलिमीटर म्हणजे दोन मीटर. ज्या गल्लीची रुंदी सहा मीटर आहे, तिथे दोन्ही बाजूंच्या रेघाच तिचा मोठा हिस्सा खाऊन टाकतात. शिवाय जुने शीट कापडावर चिकटवलेले, घड्या पडलेले, दमट हवेत फुगलेले असते. स्कॅन करून उपग्रह प्रतिमेवर बसवताना ते ताणावे लागते. याला ‘रबर शीटिंग’ म्हणतात, आणि नावातच धोका आहे. शीटवर आणि प्रतिमेवर दोन्हीकडे नक्की ओळखता येणारे दहा नियंत्रण बिंदू घेतले, सरासरी त्रुटी एक मीटर आली, की कंत्राटाच्या अटी पूर्ण होतात. पण दहापैकी नऊ बिंदू शीटच्या मध्यभागी असतील तर एखादा कोपरा पाच-सहा मीटर सरकलेला असूनही सरासरी देखणी राहते. म्हणून सरासरी मागू नये, प्रत्येक बिंदूची त्रुटी वेगळी मागावी. बिंदू शीटच्या चारही कोपऱ्यांत हवेत, आणि दोन-तीन बिंदू असे राखून ठेवावेत जे ताणण्यासाठी वापरलेच नाहीत. खरी त्रुटी त्या राखीव बिंदूंवर कळते.

तिसरी अडचण उंच इमारतींची आहे. ती फारशी कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून थोडे सविस्तर. उपग्रह बहुधा डोक्यावरून सरळ खाली पाहत नाही, तिरपा पाहतो. जमीन दुरुस्त करून जागेवर बसवली तरी इमारतीचे छत एका बाजूला कललेले दिसते. ते किती सरकते? उंची गुणिले तिरपेपणाच्या कोनाचा टॅन्जन्ट. समजा मनोरा ७० मीटरचा आहे, साधारण बावीस मजल्यांचा, आणि प्रतिमा २० अंश तिरपी आहे. ७० गुणिले ०.३६४, म्हणजे साडेपंचवीस मीटर. मुंबईच्या आराखड्यातला नेहमीचा रस्ता १८.३० मीटरचा, जुन्या भाषेत साठ फुटी. म्हणजे आरेखकाने छताची कड पाहून इमारत काढली तर ती अख्खा रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन बसते, आणि जिथे तिचे जोते आहे तिथे त्याला मोकळी पट्टी दिसते. प्रस्तावित रस्ता मग बिनदिक्कत त्या ‘मोकळ्या’ पट्टीतून जातो. ठेकेदाराकडून १५ अंशांच्या आतली प्रतिमा मागितली तरी ७० मीटरला १८.८ मीटर सरकतेच. उपाय कंटाळवाणा आहे: छत काढायचे, मग प्रतिमेच्या माहितीत दिलेल्या कोनाप्रमाणे आणि दिशेप्रमाणे ते जोत्यावर ओढून आणायचे, आणि त्यासाठी प्रत्येक इमारतीची उंची हवी. उंची नसेल तर मजले मोजून गुणिले तीन मीटर धरले तरी निम्मे काम होते. दक्षिण मुंबईच्या तीन-चार मजली वस्तीत हा प्रश्न चार-पाच मीटरचा असतो. परळ-लोअर परळच्या मनोऱ्यांमध्ये तो आराखडा बिघडवण्याएवढा मोठा होतो.

एक चाळ, एक रंग

आता माणूस जागेवर पोचला. गिरगाव-भुलेश्वरकडची कुठलीही चार मजली चाळ घ्या. तळमजल्यावर रस्त्याकडे दोन दुकाने, पिठाची गिरणी, एका डॉक्टरांचा दवाखाना. आतल्या चौकाकडे गोदाम. पहिल्या मजल्यावर जिन्यालगतच्या दोन खोल्यांत शिकवणी वर्ग. बाकी खोल्या राहत्या. गॅलरीच्या टोकाला सामायिक संडास, गच्चीवर पत्र्याची शेड. सर्वेक्षकाच्या टॅबवर भूखंडाला एकच रंग द्यायची सोय असेल तर तो निवासी, म्हणजे पिवळा, रंग भरतो. तो चुकला असे म्हणता येत नाही, बहुतेक क्षेत्र निवासीच आहे. पण दवाखाना गेला, वर्ग गेला, गोदाम गेले. अशा दोनशे चाळी पिवळ्या झाल्या की विभागाच्या हिशेबात आरोग्य सुविधांची तूट फुगते आणि जिथे आधीच श्वास घ्यायला जागा नाही तिथे दवाखान्याचे नवे आरक्षण शोधायची वेळ येते.

याउलट चूकही होते. ‘मिश्र वापर’ असा एकच खिसा ठेवला की सर्वेक्षक थकल्यावर सगळे त्यात टाकतो. मिश्र म्हणजे काय आणि किती, हे त्यातून कधीच बाहेर काढता येत नाही.

मजलानिहाय नोंद हा एकच टिकणारा मार्ग आहे. दर मजल्याला एक ओळ: मजला, वापर, त्या मजल्याचा अंदाजे किती भाग, माहिती कशावरून घेतली (पाटी पाहून, विचारून, की नुसते बाहेरून पाहून). शेवटचा रकाना लोक वगळतात आणि तोच पुढे हरकतींच्या सुनावणीत उपयोगी पडतो. इमारतीचे अंदाजे बांधकाम वर्ष आणि ती उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी जुनी इमारत) असल्यास तिचा वर्ग हेही त्याच वेळी घ्यावे, कारण मुंबई शहरातल्या पुनर्विकासाचे अर्धे नियम त्या वर्गावर फिरतात. १९६९ मध्ये अशा इमारती १९,६४२ होत्या, त्यांपैकी १६,५०२ अ वर्गातल्या, म्हणजे १९४० पूर्वीच्या. यादी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे असते, ती पत्त्यावर चालते, नकाशावर नाही. ती जोडायला माणूसच लागतो.

‘मोकळी’ म्हणजे काय

भूवापराच्या यादीत सगळ्यात महाग शब्द ‘मोकळी जागा’ हा आहे. निवासीला व्यापारी लिहिले तर एखादा विनियम चुकीचा लागेल. बांधलेल्या जागेला मोकळी लिहिले तर तिच्यावर आरक्षण पडेल. दोन चुकांची मोजदाद सारखी करणे हा अचूकतेच्या टक्केवारीचा मूळ दोष आहे. ‘नकाशा ९४ टक्के बरोबर’ असे कुणी सांगितले तर पुढचा प्रश्न एकच: उरलेल्या सहा टक्क्यांत मोकळ्या दाखवलेल्या, पण प्रत्यक्षात भरलेल्या जागा किती?

मोकळ्या दिसणाऱ्या जागा निरनिराळ्या असतात. पुनर्विकासासाठी जुनी इमारत पाडलेला भूखंड प्रतिमेत सपाट दिसतो, पण त्यावर प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम सुरू करण्याची परवानगी, मिळालेले असते. सर्वेक्षण आणि प्रारूप प्रसिद्धी यांच्यात दोन-तीन वर्षे गेली की तिथे दहावा मजला चढत असतो, आणि मुंबईत ती वर्षे गेलीच. शाळेचे आवार मोकळे दिसते, पण ते सार्वजनिक मैदान नसते. सोसायटीच्या अभिन्यासात सोडावे लागणारे करमणुकीचे मैदान हिरवे दिसते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे १००१ ते २५०० चौरस मीटरच्या भूखंडाला १५ टक्के, १०,००० पर्यंत २० टक्के आणि त्यावर २५ टक्के अशी ही जागा सोडावी लागे. ती त्या सोसायटीची. ती सार्वजनिक हिरव्यात मोजली की विभागाचा दरडोई आकडा कागदावर सुधारतो. भुलेश्वर-काळबादेवीकडच्या सी विभागाची लोकसंख्या २०११ मध्ये साधारण १.६६ लाख होती. तिथे एक हेक्टर चुकीने हिरवे धरले तरी माणशी ०.०६ चौरस मीटर वाढतात. आकडा किरकोळ वाटतो, पण तिथे मुळात असलेल्या मोकळ्या जागेच्या मानाने तो किरकोळ नाही.

झोपडपट्ट्यांचे उलटे होते. अख्खी वस्ती एका बहुभुजात, म्हणजे नकाशावरच्या एका बंद आकृतीत, बांधून ‘झोपडपट्टी’ लिहिले की आतल्या अंगणवाड्या, बालवाड्या, सार्वजनिक शौचालये, दवाखाने, बाजार नकाशावरून पुसले जातात. माणसे मात्र लोकसंख्येत मोजली जातात. सुविधा मोजल्या नाहीत, माणसे मोजली, म्हणजे तूट दिसते. पण ती तूट वस्तीच्या आत भरायची की बाहेर, हे ठरवायला लागणारी माहितीच नसते. गावठाणे, कोळीवाडे आणि आदिवासी पाडे यांची तक्रार याहून मूलभूत होती: त्यांची हद्दच नकाशावर धडपणे नव्हती. हद्द आखणे हे महसूल खात्याच्या मोजणीचे काम. महापालिकेच्या नकाशाने ते गृहीत धरून पुढे जाणे म्हणजे दुसऱ्याच्या अर्धवट कामावर आपली भिंत चढवणे.

वारसा वास्तूंची गफलत कारकुनी होती असे म्हणता येईल, आणि तशीच ती शिकण्यासारखी आहे. १९९५ च्या वारसा यादीत ६३३ नोंदी होत्या. नोंद म्हणजे नाव, पत्ता, श्रेणी. यादी म्हणजे तक्ता. तक्त्यातली नोंद नकाशावर बहुभुज होऊन बसत नाही, तोवर जीआयएसच्या, म्हणजे संगणकीय नकाशा प्रणालीच्या, दृष्टीने ती वास्तू जुनी असते, नवी असते, की नसतेच, काही फरक पडत नाही. ६३३ बहुभुज काढणे हे दोन जाणकार माणसांचे काही आठवड्यांचे काम आहे.

दुरुस्तीच्या वेळी काय वेगळे केले

२०१५ च्या आदेशानंतर निवृत्त सनदी अधिकारी रामनाथ झा यांना विशेष कार्य अधिकारी म्हणून नेमले गेले. तंत्राच्या बाजूने फार मोठी क्रांती झाली नाही. बदलला तो क्रम. आज काय आहे आणि उद्या काय असावे, हे दोन प्रश्न वेगळे काढले गेले. विद्यमान सुविधांची पाहणी आधी, विभागनिहाय, लोकांपुढे ठेवली गेली. तुमच्या विभागात या शाळा, ही मैदाने, हे बाजार आम्हाला दिसले. काही राहिले असेल, चुकले असेल तर सांगा. रस्ते आणि आरक्षणे त्यानंतर.

हा क्रम दिसायला क्षुल्लक आहे, पण परिणाम मोठा. आरक्षण अजून पडलेले नसते तेव्हा लोक नकाशा शांतपणे वाचतात. ‘आमची शाळा दोन इमारती पलीकडे दाखवली आहे’ असे सांगायला कुणी मोर्चा काढत नाही. आरक्षण पडल्यावर तीच माहिती हरकत होऊन येते, सोबत वकील येतो, आणि महापालिकेला चूक मान्य करणे म्हणजे माघार घेणे वाटू लागते. शिवाय चुकीची दुरुस्ती आणि धोरणाला विरोध एकाच अर्जात, एकाच नमुन्यात येतात आणि सुनावणीत दोन्हींना सारखीच पाच मिनिटे मिळतात.

नव्या आराखड्यात आरक्षणांना ‘आर’पासून सुरू होणारे संकेतांक दिले गेले. उदाहरणार्थ आरओएस १.४ म्हणजे क्रीडांगणाचे आरक्षण, आरओएस १.५ म्हणजे उद्यानाचे. विद्यमान सुविधेचा संकेतांक वेगळ्या अक्षराने सुरू होतो. सामान्य माणूस सी. टी. एस. क्रमांक देऊन डी. पी. रिमार्क (आपल्या भूखंडावर आराखड्यात काय दाखवले आहे याचा दाखला) काढतो तेव्हा त्याला या एका अक्षरावरून कळते की समोरचे मैदान आहे म्हणून दाखवले आहे की व्हावे म्हणून.

पुढचा प्रवास थोडक्यात: गौतम चटर्जी यांच्या अध्यक्षतेखालच्या नियोजन समितीपुढे सुनावण्या, ३१ जुलै २०१७ ला महापालिका सभागृहाची मान्यता, ८ मे २०१८ ला शासनाची मंजुरी (काही भाग वगळून), १ सप्टेंबर २०१८ पासून आराखडा लागू, १३ नोव्हेंबर २०१८ पासून नवी नियमावली. १९९१ ची नियमावली तोवर सत्तावीस वर्षे चालली होती.

पुढच्या शहरासाठी तपासण्या

महाराष्ट्रातल्या छोट्या नगरपरिषदा आणि नव्या महापालिका याच कायद्याखाली, याच क्रमाने आराखडे करतात. त्यांना मुंबईएवढा वेळ आणि पैसा मिळणार नाही, म्हणून स्वस्त तपासण्या आधी.

पहिली तपासणी संगणकावर एका दिवसात होते आणि २०१५ मधली सर्वांत नामुष्कीची चूक तीच पकडू शकली असती. प्रस्तावित रस्त्यांचे बहुभुज आणि इमारतींच्या जोत्यांचे बहुभुज एकमेकांवर ठेवा, छेद काढा. ज्या छेदाचे क्षेत्र पाच चौरस मीटरपेक्षा जास्त, त्यांची यादी करा. त्या यादीत मागच्या आराखड्यानंतर भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारती वेगळ्या काढा. त्या इमारतींना आपणच परवानगी दिली आहे, तेव्हा रस्ता तिथून जाणार असेल तर कारण लिहून ठेवायला हवे. कारण सापडले नाही तर रेषा चुकली आहे. तसेच आरक्षणांचे: प्रत्येक प्रस्तावित आरक्षणावर उभ्या बांधकामाची टक्केवारी काढा आणि २० टक्क्यांवरची सगळी जागेवर जाऊन पाहा. हे आकडे कायद्यातले नाहीत, आम्ही सोयीसाठी घेतलेले आहेत. पाचाऐवजी दहा घ्या, पण काहीतरी घ्या.

रस्त्यांच्या बाबतीत मुंबईत आणखी एक पुरावा असतो आणि तो विसरला जातो. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम २९७ खाली ठरवलेली रस्त्याची नियमित रेषा. ती आराखड्याच्या रेषेपेक्षा वेगळी, वेगळ्या नकाशांवर आणि वेगळ्या टेबलावर असते. दोन्ही रेषा एका थरात आणल्याशिवाय ‘विद्यमान रुंदी’चा अर्थ लागत नाही, कारण एखादी इमारत नियमित रेषेप्रमाणे मागे सरकून बांधलेली असते आणि शेजारची जुनी जागेवरच असते.

नमुना तपासणीचा हिशेब असा. नकाशा साधारण ९० टक्के बरोबर असेल असे धरले आणि तीन टक्के इकडेतिकडे, ९५ टक्के खात्रीने ताडून पाहायचे असेल, तर प्रत्येक विभागात साधारण ३८४ भूखंड यदृच्छेने निवडून पाहावे लागतात. चोवीस विभागांना ९,२१६. दोघांच्या पथकाने दिवसाला ४० भूखंड पाहिले तर २३० पथक-दिवस, बारा पथकांना वीस कामकाजाचे दिवस. मूळ सर्वेक्षण ज्यांनी केले त्यांच्या माणसांना या पथकात घेऊ नये. आणि निवड खरोखर यदृच्छेने व्हावी: ‘मुख्य रस्त्यालगतचे घ्या, गाडी लावायला सोपे’ अशी निवड झाली की निकाल नेहमी चांगलाच येतो. वर सांगितल्याप्रमाणे ‘मोकळी’ लिहिलेल्या जागांचा नमुना वेगळा घ्यावा. छोट्या शहरात त्या सगळ्याच पाहाव्यात. नगरपरिषदेच्या हद्दीत मोकळे म्हणून दाखवलेले तीनशे-चारशे भूखंड असले तर दोन पथकांचे ते आठवड्याचे काम आहे.

जुने आराखडे दुरुस्त करायची खिडकी मंजुरीनंतरही पूर्ण बंद होत नाही. महाराष्ट्रातल्या मंजुरीच्या अधिसूचनांत ‘ड्राफ्ट्समनची चूक’ पडताळून दुरुस्त करण्याचा अधिकार प्राधिकरणाच्या प्रमुखाला देणारे कलम सहसा असते. मोठ्या बदलाला कलम ३७ खालची फेरबदलाची प्रक्रिया: सूचना, हरकती, शासनाची मान्यता. भूखंड मोकळा नव्हताच हे सिद्ध करायला मालकाला मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि त्या काळातली करपावती एवढे जमवावे लागते. ही चारही कागदपत्रे महापालिका आणि भूमापन खाते यांच्याच कपाटांत असतात, ही त्यातली गंमत.

आणि तिथेच पुढच्या ईएलयूची खरी सोय आहे. मुंबईत बांधकाम परवानगीचे नकाशे आता ऑटोडीसीआर या नकाशे तपासणाऱ्या संगणक प्रणालीतून कॅड फाइलच्या (संगणकावर काढलेल्या आरेखनाच्या) स्वरूपात येतात. म्हणजे प्रत्येक नव्या इमारतीचे जोते, उंची, मजलानिहाय वापर, सोडलेली करमणुकीची जागा, सगळे मोजलेले, सही केलेले, तयार असते. भोगवटा प्रमाणपत्राच्या दिवशी ती फाइल मूळ नकाशात उतरली तर वीस वर्षांनी शहर पुन्हा शून्यापासून मोजावे लागणार नाही. अडते ते एका तपशिलावर. कॅड फाइलमधला भूखंड कुठल्याच निर्देशांक पद्धतीत नसतो. वास्तुविशारदाने तो कागदावर मावेल असा फिरवलेला असतो, उत्तरेचा बाण एका कोपऱ्यात आणि स्थळदर्शक नकाशा चित्र म्हणून चिकटवलेला. तो शहराच्या नकाशावर आपोआप बसत नाही. भूखंडाच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांचे डीजीपीएसने (अधिक अचूक जीपीएसने) घेतलेले यूटीएम या जागतिक पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यातले निर्देशांक अर्जाच्या नमुन्यात सक्तीचे केले तर बसतो. दोन कोपरे, चार आकडे. तिसरा कोपरा पडताळणीला मागितला तर उत्तमच, कारण दोनच असले की नकाशा आरशातल्यासारखा उलटा बसूनही जुळतो.